चेटकिणी बायकाच का?

गेल्या ऑक्टोबरात आई इकडे आली होती. बॉस्टनच्या आसपास राहणाऱ्या मराठी घरांत पाहुणे आले की एक फेरी सेलमची ठरलेली असते, तशी आम्हीही काढली. ऑक्टोबरात तिथे अक्षरशः जत्रा असते. टोकदार काळ्या टोप्या, झाडू, चेटकिणीच्या आकाराची बिस्किटं. त्या गर्दीतून थोडं बाजूला गेलं की १६९२ सालच्या खटल्यांचं स्मारक लागतं. भिंतीतून पुढे आलेले वीस दगडी बाक, आणि प्रत्येकावर एक नाव, एक तारीख आणि मारण्याची पद्धत. आईने सगळी नावं सावकाश वाचली आणि विचारलं, "या सगळ्या बायकाच कशा गं?"

मी म्हटलं, "सगळ्या नाहीत. वीसपैकी चौदा बायका, सहा पुरुष." (एकोणीस जणांना फाशी दिली आणि सुमारे ऐंशी वर्षांच्या एका म्हाताऱ्याला दगडांखाली चिरडलं. सेलममध्ये कोणालाही जाळलं नव्हतं, हा गैरसमज फार पसरलेला आहे.)

"तरी चौदा," आई म्हणाली. मग तिथेच एका बाकाच्या कडेला बसून तिने मला एक गोष्ट सांगितली. ती लग्न होऊन घरात आली आणि दोन महिन्यांत तिचे सासरे, म्हणजे माझे आजोबा, वारले. ते वर्षभर अंथरुणाला खिळून होते, त्यांचं हृदय कमजोर झालं होतं आणि हे घरात सगळ्यांना माहीत होतं. तरीही तेराव्याच्या आत कोणीतरी बोललंच, पांढऱ्या पायाची सून आली. पुढे कित्येक वर्षं घरातल्या शुभकार्यात तिला हळूच मागे ठेवलं जायचं. मला हे पस्तिसाव्या वर्षी पहिल्यांदा कळलं.

तेव्हा हा लेख आईच्या प्रश्नाचं थोडं सविस्तर उत्तर आहे.

आधी आकडे पाहू. युरोपात साधारण १४५० ते १७५० या तीनशे वर्षांत चेटुकाच्या आरोपाखाली चाळीस ते साठ हजार माणसं मारली गेली, असा आज इतिहासकारांचा अंदाज आहे. समाजमाध्यमांवर फिरणारा नव्वद लाखांचा आकडा निराधार आहे. मारल्या गेलेल्यांत सुमारे तीन चतुर्थांश किंवा थोड्या जास्त बायका होत्या. पण हे प्रमाण सगळीकडे सारखं नव्हतं. आइसलंडमध्ये जाळल्या गेलेल्या वीस-एक जणांत बाई फक्त एक होती. फ्रान्सच्या नॉर्मंडी प्रांतातही आरोपींत पुरुषच जास्त होते आणि त्यांत मेंढपाळांचा भरणा होता.

हा फरक महत्त्वाचा आहे. "धर्मग्रंथांत बायकांना वाईट म्हटलंय म्हणून बायका मारल्या गेल्या" एवढंच उत्तर असतं, तर तेच बायबल वाचणाऱ्या आइसलंडमध्ये पुरुष का जळले?

ग्रंथांचा वाटा नव्हता असं मात्र नाही. सर्वांत कुप्रसिद्ध पुस्तक म्हणजे 'मॅलियस मॅलेफिकारम', अर्थात 'चेटकिणींचा हातोडा'. लॅटिन मूळ नावातलं 'चेटकिणींचा' हे रूपच स्त्रीलिंगी आहे. लेखक हाइनरिख क्रामर हा डोमिनिकन पंथाचा धर्मन्यायाधीश. १४८५ मध्ये त्याने इन्सब्रुक शहरात हेलेना शॉयबेरिन आणि इतर काही बायकांवर खटला चालवला. हेलेनाच्या लैंगिक आयुष्याबद्दल तो इतके प्रश्न विचारायला लागला की न्यायालयातल्या इतर धर्माधिकाऱ्यांनीच आक्षेप घेतला. खटला रद्द झाला, बायका सुटल्या आणि तिथल्या बिशपने क्रामरला शहर सोडायला सांगितलं. त्यानंतर एक-दोन वर्षांत हे पुस्तक छापून आलं. बायकांचा विश्वास कमकुवत, वासना अतृप्त, म्हणून सैतान त्यांनाच गाठतो, असा त्यातला युक्तिवाद. थोडक्यात, त्या काळातल्या चर्चलाही हे सगळं एकमुखाने मान्य नव्हतं. पुस्तकाने आधीच असलेल्या संशयाला भाषा दिली. मग तो संशय मुळात कुठून आला?

इथे मानववंशशास्त्रातलं एक प्रसिद्ध उदाहरण उपयोगी पडतं. इव्हान्स-प्रिचर्ड या ब्रिटिश अभ्यासकाने १९३७ मध्ये दक्षिण सुदानच्या अझांदे लोकांवर पुस्तक लिहिलं. तिथे धान्याची कोठारं लाकडी खांबांवर उभी असतात आणि लोक उन्हाच्या वेळी त्यांच्या सावलीत बसतात. कधीतरी कोठार कोसळतं आणि माणसं जखमी होतात. खांब वाळवीने खाल्ले होते हे अझांदे लोकांना उत्तम कळतं. त्यांचा प्रश्न पुढचा असतो. वाळवीने खांब पोखरले हे ठीक, पण नेमकी हीच माणसं खाली बसलेली असताना, नेमकं याच वेळी ते का पडलं? या 'आत्ताच का, आम्हालाच का' ला उत्तर म्हणून चेटूक येतं.

आजोबांचं हृदय म्हणजे ती वाळवी. ती सगळ्यांना दिसत होती. पण 'आत्ताच का' याचं उत्तर उंबरठा ओलांडून नुकतंच घरात आलं होतं.

अझांदे समाजात हा आरोप पुरुषांवरही होतो. म्हणजे दोषी शोधण्याची खोड माणसाच्या मेंदूची आहे, तिला लिंग नाही. बोट कोणाकडे वळणार हे मात्र समाज ठरवतो. माझ्या वाचनातून मला त्याची दोन उत्तरं सापडली.

पहिलं उत्तर कामाच्या वाटणीत आहे. ज्या कामात कारण न दिसता गोष्टी बिघडतात, त्या कामावरच्या माणसावर संशय येतो. नॉर्मंडीत जनावरं आजारी पडायची, तिथे मेंढपाळ सापडले. आइसलंडमध्ये मंत्राच्या आकृत्या आणि गूढ अक्षरं ही पुरुषांची विद्या मानली जायची, तिथे पुरुष सापडले. बाकी बहुतेक ठिकाणी दूध नासणं, लोणी न येणं, अन्न बाधणं, बाळंतीण दगावणं आणि तान्हं बाळ मरणं ही संकटं ज्या खोल्यांत घडायची, तिथे हजर फक्त बायका असायच्या.

तान्ह्या बाळांचंच घ्या. मेसोपोटेमियात लमाश्तू नावाची राक्षसीण गर्भवतींना आणि नवजात बाळांना मारते अशी समजूत होती. ग्रीकांकडे लामिया, ज्यू परंपरेत लिलिथ. आपल्याकडे सहाव्या रात्री येणारी सटवाई. तिची पूजाही करायची आणि तिला घाबरायचंही, आणि 'सटवी' ही शिवी बायकांनाच. नाळ अस्वच्छ पात्याने कापली तर होणारा नवजात धनुर्वात बहुधा पहिल्या दोन आठवड्यांतच दिसतो. चांगलं दूध पिणारं बाळ अचानक दूध ओढेनासं होतं, ताठ होतं आणि जातं. सटवाईची कल्पना यातूनच जन्मली असं मी म्हणत नाही. पण जंतू दिसत नव्हते, आणि बाळाजवळ बसलेली बाई दिसत होती, एवढं नक्की. लस आणि स्वच्छ बाळंतपण यांमुळे भारतातून हा आजार सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून २०१५ मध्ये हद्दपार झाला.

दुसरं उत्तर जास्त कडू आहे. ते म्हणजे, आरोपातून कोणाला काय मिळतं? कॅरल कार्लसन या इतिहासकार बाईंनी १९८७ मध्ये न्यू इंग्लंडमधल्या चेटुकाच्या आरोपांचा अभ्यास प्रसिद्ध केला. आरोप झालेल्यांत भाऊ किंवा मुलगा नसलेल्या, म्हणजे ज्यांच्याकडे मालमत्ता येऊ शकत होती अशा बायका बऱ्याच होत्या. एडवर्ड मिगेल या अर्थशास्त्रज्ञाने २००५ मध्ये टांझानियातल्या खेड्यांबद्दल दाखवलं की ज्या वर्षी दुष्काळ किंवा अतिवृष्टी होते, त्या वर्षी 'चेटकिणीं'चे खून दुप्पट होतात. इतर खून वाढत नाहीत. बळी बहुतेक म्हाताऱ्या बायका आणि मारणारे बहुधा नातेवाईक. खाणारी तोंडं जास्त आणि धान्य कमी, असं ते गणित. नैऋत्य चीनच्या पाच गावांत रूथ मेस आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये पाहिलं, की अन्नातून विष घालण्याचा शिक्का ज्या घरांवर होता ती घरं प्रामुख्याने बाईच्या कर्तेपणाखाली चालणारी होती. ती गरीब नव्हती आणि इतरांपेक्षा कमी मदत करणारीही नव्हती.

आपल्याकडे नंदुरबारच्या आदिवासी पट्ट्यात बाईला 'डाकीण' ठरवण्याच्या घटना याच जातीच्या. महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा २०१३ मध्ये आला, तोही डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर.

"हे सगळं खेड्यापाड्यातलं, आपलं काय?" असं वाटत असेल तर 'पायगुण' हा शब्द आठवा. तो पासपोर्टवर शिक्का न मारता आपल्याबरोबर इकडे आलाय. सून आली आणि मुलाची नोकरी गेली, व्हिसा अडकला, की कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर कोणीतरी तो हसत हसत टाकतं.

मी रोज आकडेवारीत काम करते, म्हणून पायगुण कसा तपासायचा ते सांगते. कागदावर चार घरं आखा. सून आली आणि वाईट घडलं. सून आली आणि काही घडलं नाही. सून आली नाही आणि वाईट घडलं. सून आली नाही, काही घडलंही नाही. आपल्या लक्षात फक्त पहिलं घर राहतं. समजा आजारी सासरा असलेल्या शंभर घरांत वर्षभरात दहा मृत्यू होतातच. त्या सगळ्या घरांत त्या वर्षी लग्नं झाली, तर दहा सुना पांढऱ्या पायाच्या ठरतील. लग्नं झालीच नसती तरी मृत्यू दहाच झाले असते. पण तेव्हा कोणी कोणाचे पाय पाहिले नसते.

सेलमच्या आरोपींत एलिझाबेथ जॉन्सन नावाची बावीस वर्षांची मुलगी होती. तिला फाशी ठोठावली गेली, पण ती वाचली. पुढे इतरांच्या वंशजांनी आपापल्या पूर्वजांची नावं निर्दोष ठरवून घेतली. हिचं लग्न झालं नव्हतं, मुलं नव्हती, त्यामुळे तिच्यासाठी बोलणारं कोणी उरलं नाही. शेवटी एका शाळेतल्या आठवीच्या मुलांनी पाठपुरावा केला आणि २०२२ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या विधिमंडळाने तिला निर्दोष ठरवलं.

हे मी आईला गाडीत सांगितलं. ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "मला तुझ्या बाबांनीसुद्धा कधी म्हटलं नाही गं, की तुझी काही चूक नव्हती."

घरी आल्यावर मी तो चार घरांचा तक्ता कागदावर काढला आणि बाबांना फोन लावला.