घरचा होम आणि विस्तवाची काळजी



इंदुरी आणि आसपासच्या मावळपट्ट्यात भाताची झोडणी उरकली की घरची राहिलेली कार्ये निघतात. कुणाची नव्या घराची वास्तुशांत, कुणाची नवग्रहशांत. होम आला म्हणजे घरात विस्तव आला, आणि नेमका त्याच दिवसांत भाताचा पेंढा पडवीत, माळ्यावर नि परसात रचलेला असतो. जनावरांची वर्षाची वैरण ती. विधी कसा करायचा ते भटजीबुवा सांगतील, त्यात आम्ही पडत नाही. विस्तव कसा सांभाळावा आणि मागे राहणाऱ्या राखेचे काय करावे, एवढेच या पत्रकात सांगायचे आहे.

पहिली गोष्ट जागेची. माळ्यावर पेंढा असेल त्या खोलीत होम करू नका. जमल्यास अंगणात करा, पण वारा कुठून वाहतो ते आधी पाहा. ठिणगी उडवीच्या दिशेने जाता कामा नये. उडवीपासून निदान पन्नास पावले तरी लांब बसावे. घरातच करायचा असेल तर दारे-खिडक्या उघड्या ठेवा आणि गॅसची टाकी त्या खोलीतून बाहेर काढा.

वास्तुशांतीला आणखी एक अडचण असते. घर नवे, कोबा नवा, आणि त्यात ओल शिल्लक असते. त्यावर थेट विस्तव पेटवला तर आतल्या ओलीची वाफ होते आणि कोब्याचे पापुद्रे तडतडून उडतात. फरशीलाही तडा जातो. म्हणून खाली विटांचा एक थर मांडून त्यावर चार बोटे कोरडी माती पसरा आणि मग होम मांडा. लोखंडी किंवा तांब्याचे कुंड आणले असले तरी खाली विटा हव्यातच.

आता लाकडाचे. होमात धूर फार झाला की बायामाणसांचे डोळे चुरचुरतात, म्हातारी माणसे खोकतात, आणि लोक म्हणतात, धूर व्हायचाच. तसे नाही. धूर म्हणजे अर्धवट जळलेले लाकूड. ओले लाकूड टाकले की बरीच आच त्यातले पाणी उकळण्यात जाते, ज्वाळा थंडावते आणि लाकूड नीट न जळता धुपत राहते. म्हणून समिधा दीड-दोन महिने आधी तोडून सावलीत, हवेशीर जागी वाळवाव्यात. अंगठ्याएवढी जाड, वीतभर लांब काडी चटकन पेटते. कुंडात काड्या गच्च भरू नका. मधून वारा खेळला पाहिजे, चुलीत खेळतो तसा.

नवग्रहांच्या समिधा आपल्या बांधावरच्याच : रुई, पळस, खैर, आघाडा, पिंपळ, उंबर, शमी, दूर्वा आणि दर्भ. यांत रुईचा चीक डोळ्यांत गेला तर फार त्रास देतो. तोडल्यावर हात धुवा आणि ती पुरती वाळल्याशिवाय वापरू नका. काड्या कमी पडल्या म्हणून कुंपणाची कण्हेर मात्र तोडू नका. तिचा धूर विषारी असतो. बिब्ब्याचे लाकूडही नको. त्याच्या धुराने अंगावर फोड येतात. समिधांच्या पुड्यांचे प्लॅस्टिक आणि रंग दिलेल्या फळ्या आगीत घालू नयेत, हे वेगळे सांगायला नको.

पूर्णाहुतीला नारळ घालतात. पाणी असलेला अख्खा नारळ विस्तवात तापला की आत वाफ कोंडते आणि तो फुटतो. निखारे चहूकडे उडतात, आणि समोर यजमान जोडपे बसलेले असते. भटजीबुवांना आधी विचारून सुक्या खोबऱ्याचा गोटा घ्या, नाहीतर नारळाचा डोळा फोडून पाणी काढून टाका.

तूप पळीने थोडे थोडे सोडावे. तुपाचे भांडे विस्तवापासून हातभर लांब असावे. तूप पेटले तर त्यावर पाणी मारू नका. पेटते तूप उसळून भडका वाढतो. त्यासाठी कोरड्या मातीची बादली शेजारी हवी. पाण्याची बादली दुसरी, ती इतर आगीसाठी. बसणाऱ्यांनी सुती कपडे घालावेत. नायलॉनचे लुगडे पेटले की वितळून अंगाला चिकटते. कुणी भाजलेच तर तो भाग वीस मिनिटे साध्या वाहत्या पाण्याखाली धरा. शेण, शाई, टूथपेस्ट काही लावू नका, आणि जखम मोठी असेल तर १०८ ला फोन करा.

थंडी आहे म्हणून उरलेले निखारे शेजारी ठेवून बंद खोलीत झोपू नका, बरं का. निखाऱ्यातून वास नसलेला विषारी वायू निघतो. झोपलेल्या माणसाला त्याचा पत्ताही लागत नाही.

राहिली राख. सोलापूर जिल्ह्यातल्या अक्कलकोटहून अग्निहोत्राचा प्रसार झाला, तेव्हापासून होमाची राख शेतात टाकावी का, असे बरेच जण विचारतात. टाकावी, पण ती सगळ्या खतांची जागा घेईल असे समजू नये. राखेत पालाश आणि चुना असतो. नत्र मात्र धुराबरोबर केव्हाच गेलेले असते. शिवाय शंभर किलो वाळल्या लाकडाची राख जेमतेम एक-दोन किलो भरते. गोवऱ्यांची जास्त भरते, पण शेण जाळण्यापेक्षा ते उकिरड्यात कुजवलेले शेताला अधिक देते, असे आमचे मत आहे.

राख युरियात किंवा अमोनियम सल्फेटात मिसळू नका. नत्र वायू होऊन उडून जाते. राख पत्र्याच्या डब्यात दोन दिवस पूर्ण विझू द्या, मगच हलवा. गरम राख उकिरड्यावर टाकून आगी लागतात. इंद्रायणीत सोडायची रीत असेल तर चिमूटभर सोडा. खाली देहू-आळंदीची माणसे याच नदीवर आहेत. बाकीची परसातल्या केळीच्या किंवा नारळाच्या आळ्यात मातीत मिसळून द्या.

भाताच्या रोपवाटिकेला मात्र ही राख पुरायची नाही. चारसूत्री पद्धतीत गादीवाफ्याच्या दर चौरस मीटरला अर्धा ते एक किलो तुसाची काळी राख सांगितली आहे. वडगाव मावळच्या संशोधन केंद्रातून १९८७ साली आलेला इंद्रायणी भात आपण लावतो, त्याच्या रोपांनाही ती चालते. तेव्हा गिरणीवरून तूस आणून ठेवा आणि पेरणीआधी ते अंगणाच्या कडेला, पेंढ्यापासून लांब जाळा. काळे झाले की लगेच विझवा, पांढरे होऊ देऊ नका.