युद्धखेळ, संगणकावरील

ऐतिहासिक लढाई, मोहीम किंवा संपूर्ण युद्ध यांचे संगणकाच्या पडद्यावर उभे केलेले आणि प्रतिपक्षांनी आळीपाळीने खेळावयाचे प्रतिरूप म्हणजे संगणकावरील युद्धखेळ होय. या खेळांत खेळाडू सेनापतीची किंवा राज्यकर्त्याची भूमिका घेतो. आपल्या पाळीत तो पथकांना कूच करण्याच्या, हल्ला चढविण्याच्या, तळ देण्याच्या वा माघार घेण्याच्या आज्ञा देतो. त्याची पाळी संपली, की प्रतिपक्षाची पाळी सुरू होते. प्रतिपक्षाची बाजू दुसरा खेळाडू किंवा स्वतः संगणक खेळतो. घड्याळाबरोबर अखंड चालणाऱ्या खेळांत हाताच्या चपळाईला महत्त्व असते. पाळीच्या खेळांत मात्र विचाराला हवा तेवढा अवधी मिळतो. काही खेळांत दोन्ही पक्षांच्या आज्ञा आधी नोंदवून घेतात आणि नंतर त्या एकाच वेळी अमलात आणतात. मनोरंजन हा या खेळांचा मुख्य हेतू असला, तरी एखाद्या युद्धाचा निकाल तसाच का लागला आणि तो वेगळा लागू शकला असता काय, या इतिहासविषयक प्रश्नाचा शोध घेण्याचे साधन म्हणूनही त्यांचा उपयोग होतो.

पूर्वपीठिका : पटावर सैन्य मांडून खेळण्याची कल्पना प्राचीन आहे. हत्ती, घोडे, रथ आणि पायदळ या चार अंगांच्या सैन्यावर आधारलेला भारतीय चतुरंग हा खेळ तिचे प्रसिद्ध उदाहरण होय [⟶ बुद्धिबळ]. तथापि चतुरंगात भूप्रदेश नसतो, रसद नसते आणि मोहरे मारण्यात अनिश्चितताही नसते. ही उणीव भरून काढण्याचे प्रयत्न अठराव्या शतकात जर्मनीत झाले. ब्रन्सविक येथील हेल्व्हिख याने १७८० मध्ये प्रसिद्ध केलेल्या खेळात पटावरील घरांना निरनिराळे रंग देऊन त्यांवरून डोंगर, पाणी, दलदल असे भूप्रकार दर्शविले होते. प्रशियातील राइसव्हिट्स याने १८१२ मध्ये रचलेला युद्धखेळ त्याच्या लष्करी अधिकारी असलेल्या मुलाने १८२४ मध्ये सुधारून प्रसिद्ध केला. त्यात घरांचा पट जाऊन १ : ८,००० प्रमाणाचा नकाशा आला. एक पाळी म्हणजे प्रत्यक्षातील दोन मिनिटे, असा कालमानाचा नियम ठरला. हानी किती झाली हे फासे टाकून व कोष्टके पाहून ठरवीत आणि दोन्ही पक्षांमध्ये पंच बसे. शत्रूच्या ज्या हालचाली प्रत्यक्षात दिसल्या असत्या, तेवढ्याच तो प्रतिपक्षाला दाखवी. प्रशियाच्या सेनेने हा खेळ अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणासाठी स्वीकारला आणि पुढे इतर देशांच्या सेनांनी त्याचे अनुकरण केले.

सर्वसामान्य लोकांसाठी तयार केलेले आधुनिक पटावरील युद्धखेळ अमेरिकेतील चार्ल्स रॉबर्ट्स याच्या टॅक्टिक्स (१९५४) या खेळापासून सुरू झाले असे मानतात. षट्कोणी घरांचे नकाशे १९६१ पासून या खेळांत रूढ झाले. चौकोनी घरांच्या पटावर तिरकस चाल सरळ चालीपेक्षा लांब पडते. षट्कोणी घराच्या केंद्रापासून सहाही शेजारी घरांची केंद्रे मात्र सारख्याच अंतरावर असतात. त्यामुळे अंतराचे माप अधिक अचूक राहते. या खेळांच्या नियमपुस्तिका मोठ्या असत आणि बेरजा-गुणाकारांत खेळाडूंचा बराच वेळ जाई.

विकास : ही आकडेमोड संगणकाकडे सोपविण्याची सोय घरगुती संगणकांच्या प्रसाराबरोबर झाली. अमेरिकेतील स्ट्रॅटेजिक सिम्युलेशन्स या संस्थेने १९८० मध्ये कॉम्प्युटर बिस्मार्क हा खेळ काढला. मे १९४१ मध्ये ब्रिटिश आरमाराने बिस्मार्क या जर्मन युद्धनौकेचा केलेला पाठलाग हा त्याचा विषय होता. क्रिस क्रॉफर्ड याच्या ईस्टर्न फ्रंट (१९८१) या खेळात दुसऱ्या महायुद्धातील रशियाची आघाडी दाखविली होती. खेळाडू विचार करीत असताना संगणक त्याच वेळाचा उपयोग आपल्या चाली सुधारण्यासाठी करी. जपानमधील कोई या संस्थेच्या नोबुनागाची महत्त्वाकांक्षा (१९८३) या खेळात सोळाव्या शतकातील जपानी सरदारांची सत्तास्पर्धा हा विषय घेऊन लढाईला शेती, कर आणि प्रजेचा संतोष यांची जोड दिली होती. सिड मायर याच्या सिव्हिलायझेशन (१९९१) या खेळाने हीच कल्पना मानवी संस्कृतीच्या संपूर्ण प्रवासापर्यंत नेली. पँझर जनरल (१९९४) या खेळाने गुंतागुंतीचे नियम सोपे करून हा प्रकार मोठ्या समुदायापर्यंत पोहोचविला. पुढे दूर राहणारे दोन खेळाडू आपापल्या पाळीची धारिका ई-मेलने एकमेकांना पाठवून महिनोन्महिने चालणारे डाव खेळू लागले.

रचना व नियम : अशा खेळाची मुख्य अंगे पाच आहेत. (१) नकाशा : प्रत्येक घराला भूप्रकार दिलेला असतो व त्यात शिरण्यासाठी काही गती खर्च होते. सपाट शेतातून जाण्यास एक अंश लागला, तर डोंगराळ रानात तीन-चार अंश लागतात. (२) काल : एक पाळी म्हणजे काही मिनिटे, एक दिवस, एक ऋतू किंवा अनेक वर्षे असू शकतात. (३) सैन्यघटक : प्रत्येक पथकाला संख्याबळ, गती, मारा, शिस्त व मनोधैर्य यांसाठी अंक दिलेले असतात. बहुतेक खेळांत पथकाभोवतीची घरे त्याचे प्रभावक्षेत्र मानतात. शत्रूला त्यातून मुक्तपणे जाता येत नाही. (४) रसद : तळापासून पथकापर्यंतची वाट तुटली, की त्याचे बळ पाळीगणिक घटते. (५) अनिश्चितता : टेहळणीच्या कक्षेबाहेरील शत्रू पडद्यावर दिसत नाही आणि चकमकीचा निकाल यादृच्छिक अंकांच्या साहाय्याने ठरतो. राइसव्हिट्सच्या खेळातील फासे, कोष्टके व पंच या तिहींची कामे येथे संगणक करतो. मात्र पंच माणूस होता आणि त्याचा निर्णय पटला नाही, तर त्याच्याशी वाद घालता येई. आज्ञावलीत दडलेले नियम बहुतेक खेळाडूंना दिसतही नाहीत. यासाठी त्यांची परीक्षा ज्ञात इतिहासावर करावी लागते.

मावळातील उदाहरण : अशी परीक्षा कशी करता येते, हे पुणे जिल्ह्यातील मावळ तालुक्याच्या उदाहरणाने स्पष्ट होते. बोरघाटातून वर आलेली वाट इंद्रायणीच्या खोऱ्यातून पुण्याकडे जाते. तिच्या दक्षिणेस लोहगड व विसापूर हे किल्ले असून त्यांपलीकडे पवनेच्या खोऱ्यात तुंग व तिकोणा हे किल्ले आहेत. तिकोणा पेठ या गावालगतचा तिकोणा ऊर्फ वितंडगड समुद्रसपाटीपासून सु. १,०६० मी. उंच आहे. उंच पायऱ्यांची अरुंद वाट, खडकात खोदलेली पाण्याची टाकी आणि माथ्यावरून दिसणारे शेजारचे तीन किल्ले ही त्याची बलस्थाने होत. सामान्य युद्धखेळात किल्ल्याच्या घराला केवळ वाढीव संरक्षणबळ देतात. पाण्याचा साठा, धान्याची कोठारे आणि एका किल्ल्यावरून दुसऱ्यावर नजर ठेवण्याची सोय हे अंक त्यात नसतील, तर तिकोणा ही नुसती उंच भिंत ठरते.

पहिल्या इंग्रज-मराठे युद्धातील १७७९ ची वडगावची मोहीम याच तालुक्यात घडली. रघुनाथरावाला पुण्यास सत्तेवर बसविण्यासाठी मुंबईकर इंग्रजांनी सु. ३,९०० सैन्य पाठविले. त्याच्याबरोबर सु. १९ हजार बैलांचा तांडा होता. हे सैन्य ४ जानेवारीस कार्ल्यास होते. तेथे कॅप्टन स्टुअर्ट मारला गेला. मराठी लोकांनी त्याच्या शौर्यामुळे त्याचे नाव ‘इष्टुर फाकडा’ असे स्मरणात ठेवले आहे. सैन्य ९ जानेवारीस तळेगावास पोहोचले. हे अंतर २०–२२ कि.मी. असूनही त्याला पाच दिवस लागले. महादजी शिंदे, तुकोजी होळकर व हरिपंत फडके यांच्या हाताखालील मराठी फौजांनी मोठी लढाई टाळली, दोन्ही बगलांवरून सतत त्रास दिला आणि वाटेवरील दाणावैरण जाळली. तळेगावही जाळून रिकामे केलेले आढळले. पुणे तेथून सु. ३० कि.मी.वर होते. ११ जानेवारीच्या रात्री इंग्रजांनी जड तोफा तलावात टाकून माघार घेतली. परंतु वडगावास ते वेढले गेले आणि १६ जानेवारीस त्यांना तह करावा लागला.

ही मोहीम दोन कि.मी.च्या घरांचा नकाशा व एक दिवसाची पाळी घेऊन मांडल्यास प्रश्न नेमका पुढे येतो. केवळ घरे किती जिंकली हे पाहिले, तर ९ जानेवारीपर्यंत इंग्रज पक्ष प्रत्येक पाळीत पुढे सरकत असून एकाही मोठ्या लढाईत हरलेला नाही. पट पाहणारा त्यालाच विजयी म्हणेल. रसदीचा रकाना पाहिला, तर तोच पक्ष रोज दुबळा होत असलेला दिसतो. पथकांना कवायती शिस्तीचे भरघोस गुण देऊन बैल, वैरण व घोडदळाची गती यांना गौण लेखणाऱ्या नियमांनी हा डाव कितीही वेळा खेळला, तरी वडगावचा तह होणार नाही. जो निकाल प्रत्यक्षात लागला तो ज्या नियमांतून कधीच निघू शकत नाही, ते नियम चुकलेले आहेत, असे मानावे लागते. उलट प्रत्येक डावात तोच निकाल लागत असेल, तर खेळाडूच्या निर्णयाला काही अर्थच उरत नाही. चांगला युद्धखेळ या दोन टोकांच्या मध्ये असतो.

डाव केव्हा संपवावा, हा नियमही निकालावर परिणाम करतो. शिवाजी महाराजांनी तिकोणा १६५७ मध्ये घेतला. १६६५ च्या पुरंदरच्या तहाने मोगलांना दिलेल्या २३ किल्ल्यांत तो होता आणि १६७० मध्ये तो पुन्हा मराठ्यांकडे आला. १८१८ मध्ये तो इंग्रजांच्या ताब्यात गेला. प्रत्येक किल्ल्यास गुण देऊन १६६५ मध्ये डाव थांबविला, तर मोगल पक्ष जिंकतो. तोच पाच वर्षे पुढे चालविला, तर किल्ले देऊन राज्य व सैन्य वाचविण्याचा निर्णय यशस्वी ठरतो. किल्ला तहात देणे हीसुद्धा एक चाल आहे, हे ज्या नियमांना ठाऊक नाही, त्यांत पुरंदरचा तह निव्वळ पराभव म्हणूनच नोंदला जाईल.

मराठ्यांचा इतिहास व प्रचलित खेळ : जगभर खपलेल्या खेळांत मराठ्यांना स्वतंत्र पक्षाचे स्थान देणारा ठळक खेळ म्हणजे ब्रिटनमधील क्रिएटिव्ह असेंब्ली या संस्थेने २००९ मध्ये तयार केलेला एम्पायर : टोटल वॉर हा होय. त्यातील मोहीम १७०० मध्ये सुरू होते व पाळ्यांनी चालते. लढाया मात्र अखंड चालणाऱ्या असतात. यूरोप व अमेरिका यांच्या बरोबरीने भारत हे त्यातील एक रणक्षेत्र असून खेळाडूला मराठा मंडळाची बाजू घेता येते. या खेळामुळे अन्य देशांतील अनेक तरुणांना मराठी सत्तेची प्रथम ओळख झाली असणे शक्य आहे. तथापि त्यात वर्षाच्या पाळ्या दोनच, उन्हाळा व हिवाळा अशा आहेत. हे कालमान यूरोपच्या हवामानाला धरून आहे. महाराष्ट्रात सैन्ये पावसाळ्यात छावणीला असत आणि दसऱ्यानंतर मोहिमेस निघत. नद्यांचे पूर आणि घाटांतील चिखल यांमुळे आषाढ-श्रावणात तोफा हलविणे दुष्कर असे. पावसाळ्याची पाळी नसलेल्या पटावर सह्याद्रीतील युद्धाचे वेळापत्रकच बदलून जाते. गनिमी काव्याच्या युद्धात भूमी धरून ठेवण्यापेक्षा शत्रूला ती निरुपयोगी करण्यावर भर असतो. घरे जिंकण्यावर आधारलेल्या नियमांत हा भेद सहसा उतरत नाही.

मूल्यमापन : या खेळांमुळे नकाशावाचनाची सवय लागते, अंतर, ऋतू व रसद यांचे महत्त्व पटते आणि सेनापतीला अपुऱ्या माहितीवर निर्णय घ्यावे लागतात याची जाणीव होते. घडलेल्या घटना अटळ होत्या हा समजही त्यांमुळे ढळतो. मात्र खेळातील प्रत्येक अंक हा रचनाकाराने इतिहासाबद्दल दिलेला अभिप्राय असतो. पडद्यावरील नेटकेपणामुळे तो मोजलेल्या वस्तुस्थितीसारखा भासतो. खेळाडूला वरून सगळा पट दिसतो, दूताला वाटेत उशीर होत नाही आणि आज्ञा तत्काळ पाळल्या जातात, या सवलती कोणत्याही सेनापतीला मिळाल्या नव्हत्या. जाळलेली वैरण खेळात शत्रूच्या रसदीतून वजा होते. तळेगावाच्या रयतेची घरे व वर्षाचे धान्य कोणत्याच पक्षाच्या हिशेबात येत नाहीत. मावळातील युद्धाचा खरा खर्च समजून घेण्यासाठी पटावरील गुणांबरोबर हा न मांडलेला रकानाही लक्षात घेणे आवश्यक ठरते.