वेल जगली तर रताळं

मराठी माणूस ज्याला बटाटा म्हणतो, त्याचं नाव मुळात रताळ्याचं. कॅरिबियन बेटांवरचे ताइनो लोक रताळ्याला ‘बटाटा’ म्हणत. पोर्तुगिजांनी तो शब्द उचलला आणि पुढे दुसऱ्याच कंदाला देऊन टाकला. रताळ्याच्या वाट्याला आपल्याकडे एकादशी आणि महाशिवरात्र उरली.

पोर्तुगिजांच्याच आफ्रिकेतल्या एका जुन्या वसाहतीत मात्र हा कंद मोठ्या कामाला लागला. मोझांबिकचा कारभार १७५२पर्यंत गोव्यातून चाले, हे आपलं एक जुनं नातं. २००० साली तिथे महापूर आला. उभी पिकं गेली, साठवलेलं धान्यही गेलं. सावरू पाहणाऱ्या कुटुंबांना तेव्हा रताळ्याच्या वेली वाटण्यात आल्या, त्याही आतून नारिंगी असणाऱ्या वाणांच्या. हा नारिंगी रंग बीटा कॅरोटीनचा. शरीर त्यापासून अ जीवनसत्त्व तयार करतं, आणि त्याच्याच अभावाने गरीब घरांतली मुलं आजारी पडतात, प्रसंगी दृष्टी गमावतात. असं सव्वाशे ग्रॅम रताळं लहान मुलाची दिवसाची गरज भागवतं.

मग २००५चा दुष्काळ आला. वाटलेल्या वेली मोठ्या प्रमाणावर वाळून गेल्या.

रताळ्याची खरी गोम इथेच आहे. मका, ज्वारी पुढच्या हंगामासाठी कणगीत भरून ठेवता येते. रताळ्याचं बेणं म्हणजे वेलीचे हिरवे फाटे. ते जिवंतच ठेवावे लागतात, आणि मोझांबिकच्या बऱ्याच भागात सलग पाच-सहा महिने पावसाचा थेंब नसतो. बायका ओढ्याकाठच्या ओलसर तुकड्यात चार वेली जपतात. तो तुकडाही सुकला की पाऊस येऊनही लावायला काही नसतं. पाऊस जसजसा बेभरवशाचा होतो, तसतसा हा धोका वाढतो. शिवाय कोरड्या जमिनीला भेगा पडतात आणि त्यातून सोंड्या भुंगा थेट कंदापर्यंत पोचतो. रताळं काटक, ही ख्याती खरी आहे; पण काटकपणा लागवडीनंतरचा.

मूळच्या केप व्हर्दच्या रताळे-संशोधक मारिया आंद्रादे यांनी हा धडा मनावर घेतला. परदेशी वाणांवर विसंबण्यापेक्षा मोझांबिकच्याच मातीत संकर करायचे आणि दुष्काळात तगणारेच निवडायचे, असं ठरलं. एरवी नव्या वाणाला सात-आठ वर्षं लागतात. सुरुवातीपासूनच अनेक ठिकाणी एकाच वेळी चाचण्या घेऊन हा काळ जवळपास निम्म्यावर आणला गेला. २०११ मध्ये नारिंगी गराची १५ वाणं शेतकऱ्यांच्या हाती पडली. अडचण चवीचीही होती. तिथल्या मोठ्यांना रताळं पिठूळ लागतं आणि नारिंगी वाणं बहुधा पाणचट निघत. पिठूळपणा साधला नसता, तर जीवनसत्त्वाचं कौतुक कागदावरच राहिलं असतं.

बेणं टिकवण्याची एक युक्ती तर अगदी घरगुती आहे. काढणीतली चांगली, न किडलेली रताळी कोरड्या वाळूत पुरून ठेवायची. पावसाआधी दीड-दोन महिने ती वाफ्यात लावून पाणी घालायचं. पाऊस सुरू होईतो फाटे तयार.

२०१६चा जागतिक अन्न पुरस्कार आंद्रादे, युगांडाचे रॉबर्ट म्वांगा, जॅन लो आणि हॉवर्थ बुइस यांना मिळाला. रताळ्याला एवढा मान क्वचितच मिळाला असेल.

भारतात असं रताळं नाही असं नाही. केंद्रीय कंद पिके संशोधन संस्थेच्या ‘भू सोना’ या वाणात १०० ग्रॅमला १४ मिलिग्रॅम बीटा कॅरोटीन असतं. पण बेळगाव-चंदगडकडून येणारं, आपल्या ओळखीचं रताळं वरून लाल आणि आतून पांढरं. पुढच्या एकादशीला बाजारात आतून नारिंगी रताळं दिसलंच, तर विचित्र म्हणून बाजूला सारू नका. आणि शिजवताना चमचाभर तूप घाला. कॅरोटीन अंगी लागायला स्निग्धांश लागतो.