आज्जीची येळवस

मार्गशीर्ष अमावस्येच्या आदल्या रात्री आमच्या आज्जीच्या घरात कुणी झोपत नसे. दोन चुली पेटलेल्या, तरी पुरत नसत. एकीवर बाजरीच्या उंड्यांना वाफ येतेय, दुसरीवर गव्हाची खीर रटरटतेय. ओसरीत सुना आणि माहेरी आलेल्या लेकी तुरीच्या, वाटाण्याच्या, वालाच्या शेंगा सोलत बसलेल्या. आम्ही नातवंडं सोललेले हिरवे दाणे मुठीमुठीनं खात असू. आतून आज्जीचा आवाज यायचा, "लेकरांनो, रानाचा वाटा ठेवा की जरा!"

लातूर, धाराशिव आणि लगतच्या सोलापूर भागात या सणाला येळवस म्हणतात. पंचांगातली वेळ अमावस्या ती हीच. दिवाळीतल्या अमावस्येपासून मोजून दोन महिन्यांनी ती येते. इंग्रजी तारीख मात्र सरकत राहते. २०२४ सालात तर येळवस दोनदा आली, ११ जानेवारीला आणि ३० डिसेंबरला. त्या दिवशी लातूर शहराचे रस्ते ओस पडतात, दुकानं बंद असतात, जिल्हा प्रशासन स्थानिक सुट्टी देतं. ज्याला रान आहे तो रानात जातो, ज्याला नाही तो मित्राच्या रानात जातो. आमंत्रणाची वाट कुणी पाहत नाही.

हा सण सीमेपलीकडे बिदर, कलबुर्गीतही आहे. तिथं तो 'एळ्ळ अमावास्ये'. अहमदपूर, निलंगा, उदगीर हे तालुके १९५६च्या राज्य पुनर्रचनेपर्यंत बिदर जिल्ह्यातच होते, त्यामुळे येळवशीच्या बोलीत कानडी मुरलेली आहे. पिकावर आंबील शिंपताना आम्ही जे ओरडायचो त्यातल्या एकाही शब्दाचा अर्थ आम्हाला ठाऊक नव्हता. आज्जीला होता. तिचं आजोळ बिदरकडचं.

दिवस उजाडला की वरात निघे. सर्वांत पुढं आज्जी, डोक्यावर आंबिलीचं मडकं. ते ती दुसऱ्या कुणाला देत नसे. साठी उलटल्यावरही नाही. मागं दुरड्या घेतलेल्या सुना, बैलगाडीत आम्ही पोरं आणि पाहुणे. रानात काकांनी सकाळीच कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून कोप बांधलेली असे. कोपीत चुन्यानं रंगवलेले पाच दगड, ते पाच पांडव. आज्जी त्यांच्यापुढं नैवेद्य मांडायची, मग थोरला मुलगा मडकं घेऊन पुढं, धाकटा मागून ज्वारीच्या डहाळीनं आंबील शिंपत, असा सगळ्या रानाला फेरा व्हायचा. याला चर शिंपणं म्हणतात. ज्वारी निसवलेली, हरभरा घाट्यात आलेला, गहू पोटरीत. पोटुशी बाई असते तसं रान असतं, असं आज्जी म्हणे. तिचे डोहाळे पुरवायचे, म्हणून तिच्या अंगावर आंबील.

आणि मग पंगत. येळवशीचं खरं दैवत भज्जी आहे, असं माझं ठाम मत आहे. बाहेरगावचे लोक भज्जी म्हटलं की तळलेली भजी समजतात. तिचा तळणाशी काही संबंध नाही. तुरीचे, वाटाण्याचे, वालाचे, हरभऱ्याचे ओले दाणे, भुईमुगाचे दाणे, मेथी, चाकवत, कांद्याची पात, गाजर, बोरंसुद्धा. हे सगळं शिजवून त्याला चिंचेचं पाणी आणि बेसनाचं आळण लावायचं, वरून लसूण-हिरव्या मिरचीची फोडणी. जाड, हिरवट पिवळी, चमच्याला धरून राहणारी. उंडा फोडून त्यात बुडवायचा. उंडा म्हणजे मीठ-तीळ घातलेल्या बाजरीच्या पिठाचा वाफवलेला गोळा. नुसता खाल्ला तर कोरडा लागतो, भज्जीत मऊ होतो. शेवटी पेलाभर आंबील. ज्वारीचं पीठ आंबवून शिजवायचं, गार झालं की त्यात ताक, जिरं, लसूण. पोट जड होऊ देत नाही.

पहिला घास घेतला की आज्जीची परीक्षा सुरू. "भज्जीत काय काय हाय, सांगा बरं." शहरातून आलेला नातू आधी. एकेक दाणा जिभेवर ओळखायचा, नाव सांगायचं, आणि तो रानात कुठल्या बांधाला उभा आहे ते बोटानं दाखवायचं. चुकलं की आज्जी हाताला धरून तिथवर घेऊन जायची. वाल आणि वाटाण्याच्या वेलातला फरक मी पुस्तकात शिकलो नाही. भर दुपारी, अनवाणी, तिच्या मागं ढेकळं तुडवत शिकलो. सांजेला काका गवताचा हेंडगा पेटवून पिकाभोवती धावायचे, तेव्हा आम्ही गाडीत पेंगत असू.

२०१५चा पावसाळा कोरडा गेला. पुढं एप्रिल २०१६मध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणावं लागलं, इतकी वाईट गत. त्याआधीच्या जानेवारीत येळवस आली तेव्हा रानात पेरलेलंच नव्हतं. काका म्हणाले, "माय, यंदा राहू दे." आज्जीनं ऐकलं नाही. घरातल्या वाळलेल्या तुरी, वाल, हरभरे भिजवले, विकतची जुडीभर मेथी आणली आणि भज्जी केली. आंबील काळ्या भेगाळलेल्या जमिनीवर शिंपली. नेहमीचा प्रश्न मात्र तिनं त्या दिवशी कुणाला विचारला नाही.

आज्जी आता नाही. येळवस आहे, गर्दीही वाढली आहे. पुण्या-मुंबईहून गाड्या येतात याचा मला मनापासून आनंद आहे. पण रान बदललं. शंभरेक दिवसांत हाती पैसा देणारं सोयाबीन आलं, त्यामागं हरभरा. यात शेतकऱ्याला दोष देण्यासारखं काही नाही; ज्वारी काढायला मजूर मिळत नाही, पाखरं राखायला माणूस नाही. पण ज्वारी गेली तसा कडबा गेला, आणि आमची गेल्या खेपेची कोप साड्या आणि शेडनेटची होती. तुरीतली, ज्वारीतली इरवड, म्हणजे मधल्या ओळींतली मिश्र पिकं, गेली. भज्जीसाठी लागणारे दाणे आता येळवशीच्या आठवड्यात बाजारातून, चढ्या भावानं, पिशवीतून येतात. माझ्या मुलीनं भज्जीतले सगळे दाणे बरोबर ओळखले. ते कुठल्या बांधाला आहेत हे तिनं विचारलं, तर मला दाखवायला एकच बांध उरला होता, तुरीचा.

ज्यांच्याकडे दोन एकर तरी रान आहे त्यांना माझी विनंती आहे. यंदा बांधाकडेला वालाचे चार वेल चढवा. हरभऱ्यात वाटाण्याची एक ओळ टाका. दोन तासं ज्वारीची ठेवा, कोपीपुरती. दोन ओळींनी उत्पन्न बुडत नाही. आणि येळवशीला लेकरांना घेऊन जाल तेव्हा पंगतीआधी त्यांना बांधावरून एक फेरी मारून आणा.