आकाशातली जागा, जमिनीवरची परवानगी

१५ जून १९८८ रोजी फ्रेंच गयानातल्या कुरू तळावरून एरियान-४ हे रॉकेट पहिल्यांदा उडालं. त्यात तीन उपग्रह होते. एक युरोपीय अवकाश संस्थेचा हवामान उपग्रह, दुसरा हॅम रेडिओच्या हौशी मंडळींनी बनवलेला. तिसरा ‘पीएएस-१’, पॅनअ‍ॅमसॅट या अमेरिकी कंपनीचा. त्याच्या पाठीशी ना कुठलं सरकार होतं, ना देशोदेशींच्या टपाल-तार खात्यांची वर्गणी. कंपनीचे संस्थापक रेने अन्सेल्मो यांनी त्यात स्वतःची कमाई ओतली होती. देशादेशांना जोडणारा हा पहिला खासगी दळणवळण उपग्रह.

तोवर हे काम इंटेलसॅटचं होतं. १९६४मध्ये स्थापन झालेल्या या आंतरराष्ट्रीय संघटनेत ऐंशीच्या दशकापर्यंत शंभराहून अधिक देश सामील झाले होते. नारायणगावजवळच्या आर्वीचं विक्रम भूकेंद्र १९७१मध्ये सुरू झालं, ते इंटेलसॅटच्याच उपग्रहाशी बोलायला. या व्यवस्थेमागे चांगला विचार होता. गर्दीच्या मार्गांवरच्या कमाईतून तुरळक वापराचे मार्ग चालायचे आणि गरीब देशालाही जगाशी जोडलं जाता यायचं. पण ग्राहकापुढे दुसरा पर्याय नव्हता. दर, वेळ, अटी सगळं एकाच दारी ठरायचं आणि त्या दारापर्यंतही आपापल्या देशाच्या सरकारी खात्यामार्फतच जावं लागायचं.

अन्सेल्मो यांना हे जाचत होतं. मॅसॅच्युसेट्समध्ये जन्मलेला हा माणूस दुसऱ्या महायुद्धात मरीन दलात लढला, नंतर मेक्सिकोत जाऊन दूरचित्रवाणीच्या धंद्यात शिरला. अमेरिकेतल्या स्पॅनिश भाषकांसाठी त्यांनी देशभराचं नेटवर्क उभं केलं. या प्रेक्षकांची नाती सीमेपलीकडे पसरलेली होती, त्यामुळे कार्यक्रमांनीही सीमा ओलांडणं त्यांना स्वाभाविक वाटे. १९८४मध्ये त्यांनी पॅनअ‍ॅमसॅट काढली. पुढे परकीय नियंत्रणाच्या वादातून स्पॅनिश वाहिन्यांचा व्यवसाय विकावा लागला आणि त्यातून आलेला पैसा त्यांनी उपग्रहात घातला.

पैसा असला म्हणून उपग्रह वापरता येत नाही. भूस्थिर कक्षा विषुववृत्ताच्या वर, ३५,७८६ किलोमीटर उंचीवर, एवढी एकच आहे. तिथली जागा आणि लहरींची वारंवारता आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाकडे देशांच्या नावाने नोंदवली जाते, कंपन्यांच्या नाही. शिवाय इंटेलसॅटच्या करारात अट होती की वेगळ्या यंत्रणेमुळे संघटनेचं मोठं आर्थिक नुकसान होणार नाही, हे आधी दाखवून द्यायचं. १९८४च्या अखेरीस अध्यक्ष रेगन यांनी स्वतंत्र उपग्रह यंत्रणा अमेरिकेच्या हिताच्या असल्याचं जाहीर केलं, पण सार्वजनिक टेलिफोनच्या जाळ्याशी त्या जोडायच्या नाहीत, हेही बजावलं. सर्वांत फायद्याचा धंदा असा आधीच हातातून गेला. त्यातच निदान एक परदेशी सरकार ही सेवा आपल्या देशात येऊ द्यायला तयार असल्याशिवाय पुढचं पाऊल पडणार नव्हतं. ती तयारी आधी पेरूने दाखवली. पेरू हो म्हणाला नसता, तर सगळा खटाटोप तिथेच थांबला असता.

यंत्राची बाजूही सोपी नव्हती. रॉकेटने उपग्रहाला सोडलं ते लांबट कक्षेत. तिचं एक टोक पृथ्वीपासून काहीशे किलोमीटरवर, दुसरं जवळपास छत्तीस हजार किलोमीटरवर. दूरच्या टोकाला पोहोचल्यावर उपग्रहाने स्वतःची मोटर पेटवायची आणि कक्षा गोल करून घ्यायची. कुरू विषुववृत्तापासून जेमतेम पाच अंशांवर असल्याने कक्षेचा कल काढण्यात इंधन कमी जातं. मग उपग्रह सेकंदाला तीन किलोमीटर वेगाने फिरतो आणि पृथ्वीवरून एकाच जागी थांबलेला दिसतो. पीएएस-१ची जागा होती अटलांटिकवर, ४५ अंश पश्चिम रेखांशावर. तिथून अमेरिका खंड आणि युरोप दोन्ही नजरेत येतात.

त्यावर संदेश घेऊन परत खाली पाठवणारे २४ ट्रान्सपाँडर होते, १८ सी-बँड या लहरपट्ट्याचे आणि ६ केयू-बँडचे. सी-बँडमध्ये जमिनीवरून संदेश साधारण सहा गिगाहर्ट्‌झवर वर जातो आणि उपग्रह तो चार गिगाहर्ट्‌झवर बदलून खाली पाठवतो. हा बदल अटळ आहे, कारण वर पोहोचलेला संदेश अतिशय क्षीण असतो. ऐकणं आणि बोलणं एकाच वारंवारतेवर केलं, तर उपग्रहाच्या स्वतःच्या आवाजात तो बुडून जाईल. चंद्र-सूर्याच्या ओढीने उपग्रह उत्तर-दक्षिण सरकत राहतो, म्हणून अधूनमधून छोटे थ्रस्टर चालवून त्याला जागेवर आणावं लागतं. इंधन संपलं की बाकी सगळं ठणठणीत असूनही त्याची नोकरी संपते.

ट्रान्सपाँडर रिकामे राहिले तर उपग्रह म्हणजे नुसता खर्च. देशोदेशीच्या परवानग्या एकेक करून मिळवाव्या लागल्या. अन्सेल्मो यांनी जाहिरातींतून इंटेलसॅटशी उघड भांडण मांडलं. स्पॉट नावाचा व्यंगचित्रातला कुत्रा त्यांच्या मोहिमेचा चेहरा होता. लॅटिन अमेरिकेत पोहोचू पाहणारी सीएनएन त्यांच्याकडे आली, इतर वाहिन्या आल्या. १९९३मध्ये मेक्सिकोच्या टेलेव्हिसा या दूरचित्रवाणी कंपनीने पॅनअ‍ॅमसॅटमध्ये निम्मी भागीदारी घेतली आणि तीन महासागरांवर उपग्रह ठेवण्याची योजना मार्गी लागली. १ डिसेंबर १९९४ला पीएएस-३ रॉकेटच्या बिघाडात नष्ट झाला, तरी काम थांबलं नाही. ऑगस्ट १९९५मध्ये पीएएस-४ हिंदी महासागरावर गेला आणि भारतही या जाळ्याखाली आला. पुढच्याच महिन्यात, कंपनीचे शेअर बाजारात येण्याच्या तोंडावर, अन्सेल्मो वारले.

टेलिफोन जाळ्याचं बंधन १९९७पर्यंत उठलं. २००१मध्ये इंटेलसॅट स्वतः खासगी कंपनी झाली आणि २००६मध्ये तिने पॅनअ‍ॅमसॅट विकत घेतली. यावरून अन्सेल्मो हरले असं कुणी म्हणेल, पण मला तसं वाटत नाही. त्यांची मागणी इंटेलसॅट बुडवण्याची नव्हती, ग्राहकाला दुसरं दार असावं एवढीच होती. ते दार उघडल्यावर इंटेलसॅटलाही भाव आणि वागणूक बदलावी लागली. रॉकेट एरियानचं होतं, यंत्र दुसऱ्यांनी घडवलं होतं. अन्सेल्मो यांनी उभी केली ती त्या यंत्राला काम करू देणारी परवानगी, आणि ती मिळवताना धोका पत्करला स्वतःच्या पैशाचा. आज खासगी उपग्रहांची मालिका आपण गृहीत धरतो. तिच्यातली पहिली किंमत एका माणसाने आपल्या खिशातून मोजली, याची नोंद दळणवळणाच्या इतिहासात ठळकपणे व्हायला हवी.