सलिना घराण्याची सोयरीक
पडद्यावरची इटली : लेखांक ६

तान्क्रेदी देखणा आहे, धाडसी आहे, सिसिलीतल्या एका मोठ्या प्रिन्सचा लाडका भाचा आहे आणि खिशाने पूर्ण रिकामा आहे. बापाने सगळी इस्टेट उडवली. अँजेलिका त्याच्याहून देखणी. तिच्या बापाने, दोन्नाफुगाता गावचा महापौर डॉन कालोजेरो याने, जमिनीमागून जमिनी गिळल्या आहेत. तिच्या आजोबांना मात्र गाव ज्या नावाने हाक मारायचं ते इथे छापण्याजोगं नाही. या दोघांचं प्रेम जमतं. लुकिनो विस्कोन्तीचा 'इल गात्तोपार्दो' (१९६३), म्हणजे इंग्रजीतला 'द लेपर्ड', या आठवड्यात पाहाच.

गरीब-श्रीमंत प्रेमकथेत घरचे आडवे येतात, हे आपण गृहीतच धरतो. इथे घरचेच पुढाकार घेतात. पत्रिकेऐवजी सातबारा जुळवला जातो, आणि तरीही प्रेम खोटं ठरत नाही. तान्क्रेदीला अँजेलिका हवी आहे, तिचा हुंडाही हवा आहे, आणि यातलं आधी काय हवं झालं हे त्यालाही सांगता येणार नाही. दिग्दर्शक त्याला त्याबद्दल दोषही देत नाही. मला हा चित्रपट थोर वाटतो तो यासाठी.

काळ १८६० चा. इटलीच्या एकीकरणासाठी लढणारा गॅरिबाल्डी हजारभर स्वयंसेवक घेऊन मार्सालाला उतरलाय, बूर्बों राजवट कोसळते आहे. तान्क्रेदी लाल डगला चढवून या स्वयंसेवकांना सामील होतो. वारं फिरल्यावर तितक्याच सहज तो नव्या राजाच्या सैन्याचा गणवेश घालतो. त्याचा मामा, सलिना घराण्याचा प्रिन्स फाब्रित्सिओ, हे सगळं ओळखून आहे. राजकारणात वर चढायला भाच्याला पैसा लागणार. प्रिन्सची स्वतःची मुलगी कोंचेत्ता तान्क्रेदीवर जीव टाकते, पण सात भावंडांत वाटल्या जाणाऱ्या इस्टेटीतून तिच्या वाट्याला येणार किती? बाप मनातल्या मनात हिशेब करतो आणि मुलीला बाजूला सारतो.

मेजवानीचा प्रसंग नीट पाहा. डॉन कालोजेरो वाईट शिवलेला टेलकोट घालून येतो आणि सगळे ओठ दाबून हसतात. मागून अँजेलिका येते, तेव्हा हसणं तिथेच थांबतं. पुढे जेवणाच्या टेबलावर तान्क्रेदी मठातल्या जोगिणींवरून एक चावट किस्सा रंगवतो आणि अँजेलिका मोठ्यांदा, दात दाखवून, थांबताच येत नाही असं हसते. खानदानी बायका असं हसत नाहीत. कोंचेत्ता संतापते. त्या एका हसण्यात दोन वर्गांमधलं अंतर दिसतं, आणि तान्क्रेदीला नेमकं तेच अंतर मोहात पाडतं.

मग शिकारीचा प्रसंग. चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारा डॉन चिच्चो प्रिन्सबरोबर डोंगरात आहे. इटलीत विलीन व्हायचं का यावर गावात मतदान झालं, निकाल जाहीर झाला : हो ५१२, नाही शून्य. चिच्चो तळमळून सांगतो, की मी तर 'नाही' म्हटलं होतं! त्याचं मत गिळणारा महापौर म्हणजेच डॉन कालोजेरो. प्रिन्सला त्याच माणसाशी सोयरीक करायची आहे. पुढे नव्या सरकारचा प्रतिनिधी सिनेटची जागा देऊ करतो, तेव्हा प्रिन्स नकार देऊन कालोजेरोचंच नाव सुचवतो. सत्यजित राय यांच्या 'जलसाघर'मधला जमीनदार नवश्रीमंताशी ईर्ष्या करत बुडतो. हा प्रिन्स नवश्रीमंताला व्याही करून घेतो. दोघांत जास्त एकटा कोण, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

विस्कोन्ती स्वतः मिलानच्या सरदार घराण्यातला आणि विचारांनी कम्युनिस्ट. मूळ कादंबरीचे लेखक ज्युझेप्पे तोमासी दी लाम्पेदूसा हे तर खरेखुरे सिसिलियन प्रिन्स. प्रकाशकांचे नकार पचवून १९५७ मध्ये ते वारले आणि पुढच्याच वर्षी पुस्तक छापून आलं. पडद्यावरचा प्रिन्स मात्र न्यूयॉर्कच्या ईस्ट हार्लेममध्ये वाढलेला, कधी काळी सर्कशीत कसरती करणारा बर्ट लँकेस्टर! विस्कोन्तीला आधी तो नकोच होता. आज तो चालताना पाहिला की ही चाल शिकवून येत नाही असं वाटतं. ती शिकूनच आलेली आहे, हे चित्रपटातल्या सगळ्या खानदानीपणावरचं नकळत झालेलं भाष्य समजा. तान्क्रेदी आणि अँजेलिका झालेल्या ॲलन डेलॉन आणि क्लॉदिया कार्दिनाले यांच्याबद्दल काही लिहीत नाही. डोळे असले की पुरे.

शेवटचा नाच जवळजवळ पाऊण तास चालतो. पालेर्मोतल्या पालात्सो गांजीमध्ये, उन्हाळ्यातल्या उकाड्यामुळे रात्री-रात्री हे चित्रीकरण झालं. पाहुण्यांच्या गर्दीत सिसिलीतली खरी सरदार मंडळीही उभी होती. अँजेलिका प्रिन्सला नाचायला बोलावते. वॉल्ट्झची धून व्हेर्दीची, तोवर अप्रकाशित असलेली. संगीतकार नीनो रोता यांनी ती ऑर्केस्ट्रासाठी बांधली. नाचताना मामाच्या चेहऱ्यावर काय काय येतं ते पाहा, आणि त्यांच्याकडे पाहणाऱ्या तान्क्रेदीचाही चेहरा पाहा. असूया तिथेही आहे, थोडीशी.

कानमध्ये सर्वोच्च पुरस्कार मिळालेल्या या चित्रपटाची अमेरिकेसाठी १६१ मिनिटांची इंग्रजी आवृत्ती कापून काढली होती. तिच्या वाटेला जाऊ नका. लँकेस्टरचा स्वतःचा आवाज तीत आहे खरा, पण रंग आणि लय दोन्ही गेलेले. सुमारे तीन तासांची इटालियन आवृत्तीच मिळवा. २०१० मध्ये तिचं सुरेख पुनरुज्जीवन झालं आहे. एका बैठकीत जमणार नसेल तर नाचाच्या आधी थांबा. नाच मात्र सलग बघा.

(पुढच्या आठवड्यात : फेलिनीचा 'साडेआठ')