कार्डावरची तारीख

अमेरिकेत मुलगा किंवा मुलगी शिकत असलेल्या घरी हल्ली ‘नोकरी लागली का?’च्या आधी ‘कार्ड आलं का?’ असं विचारतात. कार्ड म्हणजे ईएडी, कामाचा परवाना. २०२३-२४ मध्ये तिथल्या ३,३१,६०२ भारतीय विद्यार्थ्यांपैकी ९७,५५६ जण ओपीटीवर, म्हणजे याच कार्डावर मिळणाऱ्या, शिक्षणाशी निगडित तात्पुरत्या कामाच्या परवानगीवर होते.

विद्यापीठाच्या आवारातलं काम सगळ्यात सोपं. लायब्ररीत किंवा कँटीनमध्ये, सत्र चालू असताना आठवड्याला २० तास. हातखर्च निघतो, कर्ज फिटत नाही.

शिकता शिकता बाहेर इंटर्नशिप करायची, तर सीपीटी, म्हणजे अभ्यासक्रमातल्या प्रत्यक्ष कामाची परवानगी. साधारणपणे एक शैक्षणिक वर्ष पुरं झाल्यावर मिळते आणि काम अभ्यासक्रमाचाच भाग असावं लागतं. इमिग्रेशन खात्याकडे अर्ज नाही, फी नाही, कार्डही नाही. विद्यापीठातला डीएसओ, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांसाठी नेमलेला अधिकारी, आय-२० या प्रवेशाच्या दाखल्याच्या दुसऱ्या पानावर कंपनीचं नाव आणि तारखा छापून देतो, तेवढ्यावर काम सुरू. फुकटचं वाटतं, पण पूर्णवेळ सीपीटी १२ महिने झाली की त्या पदवीची ओपीटी गेलीच. अर्धवेळ सीपीटीला ही कात्री नाही. मुलं पूर्णवेळ सीपीटीच्या ३६४ दिवसांचा हिशेब करतात तो ओपीटी वाचवण्यासाठी.

पदवीनंतरची ओपीटी १२ महिन्यांची, आणि तिला एका कंपनीचं बंधन नाही. अर्ज अभ्यासक्रम संपण्याआधी ९० दिवसांपासून संपल्यानंतर ६० दिवसांपर्यंत करता येतो. स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) यादीतली पदवी असेल आणि कंपनी ई-व्हेरिफाय या सरकारी पडताळणी यंत्रणेत नोंदलेली असेल, तर आणखी २४ महिने मिळतात. मग आय-९८३ हा प्रशिक्षणाचा आराखडा भरून द्यावा लागतो आणि आठवड्याला किमान २० तासांचं पगारी काम हवं. खटाटोप आहे, पण कंपनी तयार असेल तर मार्चमधल्या एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसाच्या नोंदणीत तीनदा तरी नशीब आजमावता येतं. जागा वर्षाला ८५ हजारच. म्हणूनच एकाच विषयाच्या दोन अभ्यासक्रमांत एक स्टेम यादीतला आणि दुसरा नसेल, तर माझ्या मते रँकिंग नंतर पाहावं.

सगळ्यात नाजूक निवड मात्र फॉर्मवरच्या एका रकान्यात असते: ओपीटी कधीपासून हवी? अभ्यासक्रम संपल्यापासून ६० दिवसांच्या आतली तारीख द्यावी लागते. समजा, १० मेला अभ्यासक्रम संपला. उत्साहाने ११ मे लिहिली आणि कार्डावर तीच आली, तर ओपीटीत नोकरीविना राहता येणारे जास्तीत जास्त ९० दिवस ८ ऑगस्टला संपतात. ९ जुलै लिहिली, तर ६ ऑक्टोबरपर्यंत श्वास घ्यायला जागा. ऑफर हातात असलेल्याने लवकरची तारीख घ्यावी, बाकीच्यांनी घाई करू नये. स्टेमची मुदतवाढ मिळाली, तर ९० चे एकूण १५० होतात. दिवस मोजताना शनिवार-रविवार वगळत नाहीत.